वय वाढलं की शहाणपण येतं का? गल्लीची भांडणं सोडवणारे अण्णा घरच्या वाटणीवर गप्प बसतात

विणकराची सून:

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण उत्तर खरंच हवंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. पुढं घर, मागं आठ मागांचा कारखाना. टॉवेल काढतो. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वय 76. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, गिरणी बंद पडल्यावर घरी माग टाकले. पूर्वी नुसत्या आवाजावरून सांगायचे की धोटा कुठं अडतोय. आता मागावर हात ठेवून सांगतात, पण अजूनही चुकत नाहीत.

आमच्या भागात कुणाचं काही बिनसलं की लोक अण्णांकडं येतात. मराठी, तेलुगू, कन्नड आणि आपली सोलापुरी दखनी, चारही भाषांत ते भांडण ऐकून घेतात. मागं शेजारच्या गल्लीतले दोघे भाऊ आले होते. वडील वारले, सहा माग, विजेचं मीटर एकच, दोघांत बोलणं बंद. अण्णांनी त्यांना आमच्या कट्ट्यावर बसवलं आणि थोरल्याला म्हणाले, "तुझं म्हणणं नंतर. आधी धाकट्याचं म्हणणं काय आहे ते तू सांग."

थोरला म्हणाला, "त्याला फुकटचं पाहिजे."

"हे तुझं म्हणणं झालं. त्याचं सांग."

असं बराच वेळ चाललं. थोरला चिडला, उठला, परत बसला. शेवटी म्हणाला, "त्याला वाटतंय की अप्पा आजारी असताना दवाखान्यात तो बसला आणि मी इकडं कारखाना चालवून पैसे ठेवून घेतले." धाकटा जमिनीकडं बघत होता. म्हणाला, "हां. हेच." मग तेच उलट्या बाजूनं झालं. हे सगळं झाल्यावरच अण्णांनी मागांचा विषय काढला, आणि तिथं जुनीच रीत लावली: वाटे थोरल्यानं पाडायचे, उचलायचे धाकट्यानं. थोरल्यानं आधी दाराजवळचे, हवा-उजेडाचे तीन माग एकत्र धरले होते. रीत ऐकल्यावर त्यानं स्वतःच त्यातला एक पलीकडं टाकला.

अशा माणसाला लोक शहाणा म्हणतात. मीही म्हणते.

आता घरचं ऐका. थोरले दीर पुण्यात नोकरीला, माझे मिस्टर धाकटे, कारखाना ते बघतात. घर आणि मागची जागा अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे. मिस्टरांना जुने माग काढून बिनधोट्याचे रॅपिअर माग घ्यायचेत, बँक जागेचे कागद मागते. थोरल्या दिरांनी दिवाळीत फोनवर विषय काढला, तर अण्णा म्हणाले, "मी आहे तोवर घराचं नाव काढायचं नाही," आणि फोन ठेवून दिला. मिस्टरांनी विचारलं तर उठून कारखान्यात गेले. आणि हेच अण्णा दुसऱ्यांना सांगतात की सगळं जिवंतपणी लिहून ठेवा, नंतर भाऊ भावाला ओळखत नाही.

थोरले दीर म्हणतात, साठी बुद्धी नाठी. मला ते पटत नाही, कारण बाहेर तर तीच बुद्धी लख्ख चालते. मग प्रश्न असा की वयानं शहाणपण येत असेल तर ते आमच्या उंबऱ्याच्या आत का येत नाही? की वयाचा काही संबंधच नाही आणि अण्णा पहिल्यापासूनच तसे आहेत? सासूबाई सांगायच्या की तिशीतसुद्धा गिरणीच्या खात्यात भांडण झालं की ह्यांनाच बोलावणं यायचं.

कोर्टाची वाट कृपया सुचवू नका.

जुळे सोलापूर:

ताई, मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींवर चांगलं काम झालंय, म्हणून थोडी लांबण लावतो.

वयानं शहाणपण येतं का, हे मोजायचा मोठा प्रयत्न बर्लिनच्या मॅक्स प्लँक संस्थेत पॉल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकापासून केला. माणसाला एक पेच सांगायचा आणि मोठ्यानं विचार करायला लावायचं. त्यातला एक पेच असा: पंधरा वर्षांची मुलगी आत्ताच्या आत्ता लग्न करायचं म्हणतेय, तुम्ही कशाकशाचा विचार कराल? "छे, हे काय लग्नाचं वय आहे?" म्हणून विषय मिटवणाऱ्याला गुण कमी पडायचे. उत्तर शेवटी नाही असंच असलं, तरी तिथं पोचायच्या आधी तिला असं का वाटतंय, घरी काय चाललंय, ती आजारी आहे का, एकटी पडलीय का, तिच्या लोकांत रीत काय आहे, हे ज्याला सुचतं त्याला जास्त.

निकाल ऐकून म्हाताऱ्यांनाही वाईट वाटेल आणि तरुणांनाही. पंधरा ते पंचविशीच्या आसपासपर्यंत हे गुण वाढतात. तिथून पंचाहत्तरीपर्यंत सरासरी जवळजवळ सपाट. नुसत्या वाढदिवसांनी काही होत नाही. फरक कुणात पडला, तर माणसांच्या अडचणींत रोज बसणाऱ्यांत, म्हणजे मानसोपचाराचं काम करणाऱ्यांत. तुमचे अण्णा जॉबर होते, हे मला इथं फार महत्त्वाचं वाटतं. वरून मालक, खालून कामगार, आणि मधे जॉबर. दोन्हीकडचं ऐकून एकमेकांपर्यंत पोचवण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलंय. त्यांच्या शहाणपणाचं श्रेय मी वयापेक्षा त्या कामाला देईन.

पण दुसरी बाजूही आहे. इगॉर ग्रॉसमन आणि मिशिगन विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये लोकांना भांडणांच्या गोष्टी वाचायला दिल्या आणि पुढं काय होईल, का होईल हे विचारलं. तिथं साठीच्या पुढची माणसं तरुणांपेक्षा सरस ठरली: दोन्ही बाजूंनी बघणं, मधला रस्ता शोधणं, आपल्याला सगळं माहीत नाही हे धरून चालणं. दोन वर्षांनी जपानशी तुलना केली, तर तिथं वयाचा तसा फरक फारसा दिसला नाही, कारण तिथले तरुणच आधीपासून पुढं होते. म्हणजे कुठल्या समाजात वाढलात, लहानपणापासून जुळवून घ्यायला शिकलात का, यावरही पुष्कळ आहे.

आता तुमचा उंबरा. ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांनी 2014 मध्ये एक प्रयोग छापला. जोडीदारानं फसवलं अशी कल्पना करायला सांगितली, काहींना स्वतःबद्दल, काहींना मित्राबद्दल. मित्राच्या बाबतीत लोक शहाण्यासारखा विचार करत होते, स्वतःच्या बाबतीत नाही. सॉलोमन राजाकडं लांबून लोक न्याय मागायला यायचे आणि त्याचं स्वतःचं घर मात्र सांभाळलं गेलं नाही, म्हणून याला त्याचंच नाव दिलंय. पुढं त्यांनी हेच तरुण आणि साठी-ऐंशीतल्या माणसांत तपासलं. म्हातारी माणसंही यातून सुटली नाहीत. फक्त स्वतःकडं तिऱ्हाईतासारखं बघायला लावलं, "मी" न म्हणता स्वतःचं नाव घेऊन विचार करायला लावला, की हा फरक बराच पुसला जातो.

तेव्हा अण्णांचं घरात अडणं ही बुद्धी नाठी नव्हे. सगळ्यांचं होतं तेच त्यांचं होतंय. त्यांना उघडपणे म्हणून बघा की अण्णा, समजा हे शेजाऱ्याचं घर आहे. चोरून नको, सांगून करा.

भैय्या चौक:

मी 24 चा आहे, तरी बोलतो. आपल्याकडं हा प्रश्न कधीच सुटलाय. चौदाशे वर्षं जगलेले म्हणून ज्यांची कथा सांगतात, त्या चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायना सुचेना. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानानं मोठे म्हणून नमस्कार लिहावा, या घोळात कोरा कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाल्या, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते.

आणि मी ज्या चौकाजवळ राहतो, तिथं डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. 1938 मध्ये चीनला गेले तेव्हा 27 वर्षांचे, 1942 मध्ये वारले तेव्हा 32. दुसऱ्याच्या देशातल्या जखमी सैनिकांसाठी काय करावं हे कळायला त्यांना म्हातारपण लागलं नाही. घरात मात्र आम्ही काही बोललो की "तुला काय कळतंय बे" ऐकावं लागतं. आदर आहेच. पण ऐकून तरी घ्या की.

कंबर तलाव:

भैय्या चौकवाल्या दादा, तुमचं बरोबर आहे. मी 73 चा आहे आणि आम्ही ऐकत नाही ही तक्रार खरी आहे.

रोज सकाळी तलावाकडं फिरायला जाणारे आम्ही पाच-सहा जण आहोत. सगळे नोकरीतून सुटलेले. इतक्या वर्षांची ओळख आहे, त्यामुळं कोण कसा होता आणि कसा झाला हे समोर दिसतं. एक जण ऑफिसात हाताखालच्याला शब्द बोलू द्यायचा नाही, तो आता सुनेला बोलू देत नाही. एक जण आयुष्यभर चिकट, आता तर पेपरसुद्धा शेजाऱ्याचा वाचतो. पण आमच्यातच एक जण आहे, तो नोकरीत असताना अगदी साधा माणूस, कुणाच्या लक्षातही येणार नाही असा. निवृत्त झाल्यावर नातीच्या अभ्यासाला बसायला लागला. तिला शिकवायला नव्हे, तिच्याकडून शिकायला. तिला विचारतो, तुमच्या वर्गात भांडण झालं तर कसं मिटतं, अमुक मुलगी तुझ्याशी का बोलत नाही, तू काय केलंस. आता आमच्यातल्या कुणाच्या घरी काही झालं की आम्ही त्याच्याशी बोलतो. त्याच्यात हा फरक साठीनंतर पडला, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून पंचविशीनंतर काहीच वाढत नाही हे मी मानणार नाही. सरासरी सपाट असेल. माणसं सरासरीत राहत नाहीत, सर.

मला स्वतःला वयानं काय दिलं तर राग कमी केला. पूर्वी ज्या गोष्टीवर आठ दिवस धुसफुसायचो, ती आता संध्याकाळपर्यंत आठवत नाही. कुणाकडं जायचं, कुणाकडं नाही, हेही पटकन कळतं. पण भीती वाढली, हे कुणी सांगत नाही. तरुणपणी नोकरी गेली तर दुसरी बघू, असं होतं. आता जे हातातून जाईल ते परत येणार नाही, हे माहीत असतं.

ताई, मी मृत्युपत्र केलंय. दोन साक्षीदार, सह्या, सगळं रीतसर. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. तरी लिहून झाल्यावर एक बदल झाला. आधी घरात खिळा ठोकायचा तरी विचारायचे. नंतर एकदा बाहेरून आलो तर न्हाणीघराच्या फरशा उचकटलेल्या. नव्या बसवायच्या होत्या, चांगल्यासाठीच. पण मला कुणी विचारलं नव्हतं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. फक्त विचारायची गरज संपली होती. तुमच्या अण्णांनी गल्लीतल्या कितीतरी घरांत हे बघितलं असणार. लोकांना लिहून ठेवा म्हणताना त्यांना भाऊ-भाऊ दिसतात. स्वतःच्या घरात मात्र त्यांना लिहून दिल्यानंतरचा म्हातारा दिसत असणार.

आणि एक विचारू का? तुमच्या सासूबाई आहेत का?

विणकराची सून:

काका, नाहीत. तीन वर्षं झाली.

तुम्ही का विचारलंत ते कळलं. अण्णा कुणाचं भांडण सोडवून आत आले की सासूबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "आज त्या पोराला जास्तच बोललात." कधी म्हणायच्या, "बाईचं कुणी ऐकलंच नाही की त्यात." अण्णा त्या वेळी काही बोलायचे नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्या घरी एक चक्कर टाकून यायचे. आता त्यांना असं बोलणारं घरात कुणी नाही. मिस्टर बोलत नाहीत आणि मला सून म्हणून एका मर्यादेपलीकडं बोलता येत नाही.

कानाचं बघणारी:

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, सोलापुरातच काम करते. सगळे मनाबद्दल बोलताहेत, मला तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्याबद्दल बोलायचंय. पूर्वी अण्णा मागाचा बिघाड आवाजावरून ओळखायचे, आता हात ठेवून ओळखतात. ताई, त्यांचा कान कधी तपासलाय का?

रोज आठ तास 85 डेसिबलपेक्षा जास्त आवाजात काम केलं की कान हळूहळू जातो. मागाच्या खात्यात आवाज त्याच्या बराच वर असतो. सोलापुरात कितीतरी लोकांनी उभं आयुष्य त्यात काढलंय आणि कानात कापूससुद्धा घातला नाही. या प्रकारात आधी उंच पट्टीचे आवाज जातात, साधारण 4000 हर्ट्झच्या आसपासचे. म्हणजे अ, आ, ओ ऐकू येतात, पण स, श, फ, थ, ट ही अक्षरं गळतात. माणूस म्हणतो, मला ऐकू येतंय की. येतंच. शब्द कळत नाही. समोर बसलेल्या माणसाचे ओठ दिसतात, हावभाव दिसतात, त्यावरून तो भरून काढतो, म्हणून कट्ट्यावर अडचण येत नाही. फोनवर ओठ दिसत नाहीत, आणि साध्या फोनचा आवाज साधारण 3400 हर्ट्झच्या वर जातच नाही. थोरला मुलगा पुण्याहून जागा, हिस्सा, सही असलं काही बोलतोय आणि अण्णांना त्यातलं निम्मंच पोचतंय. निम्मं ऐकून माणूस घाबरतो किंवा चिडतो, आणि "काय म्हणालास?" असं तिसऱ्यांदा विचारण्यापेक्षा फोन ठेवून देतो. रोज माझ्यासमोर असे लोक येतात आणि घरचे सांगतात, हल्ली फार हट्टी झालेत.

सगळं कानामुळंच आहे असं मी म्हणत नाही. कंबर तलाव काकांनी लिहिलं ते मला वाचूनच पटलं. पण तपासणी करा. साधी चाचणी आहे, दुखत नाही. ती लवकर केलेली बरी, कारण 2020 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं मध्यमवयात ऐकू कमी येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत धरलंय. सोबत एवढं बघा की तोच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारतात का, पैशांचा हिशोब चुकतो का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतात का. तसं असेल तर डॉक्टरांना दाखवा, बी-12 जीवनसत्त्व पण तपासून घ्या. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही.

सिटी सर्व्हे:

कोर्ट नको म्हणालात म्हणून फक्त माहिती देतो. जागा आजेसासऱ्यांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर ती आज एकट्या अण्णांची नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगा-मुलगी सारखेच वारस. अण्णांना बहिणी असतील तर त्यांचाही तेवढाच हिस्सा. अण्णा मृत्युपत्र करतील ते फक्त स्वतःच्या हिश्श्याचं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. पण बँकेसाठी आधी प्रॉपर्टी कार्डावर वारसनोंद लावा. ती नसेल तर पुढचं काहीच हलणार नाही. बहुतेक घरांत या टप्प्यावर बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतात.

विणकराची सून:

उशिरा लिहितेय, कारण मधे बरंच घडलं.

अण्णांना तपासायला नेलं. आधी नाही म्हणाले. मग नातवानं मोबाइलवर आवाजाचं ॲप लावून कारखान्यातला आकडा दाखवला, तेव्हा तयार झाले. दोन्ही कानांचे आलेख जवळजवळ सारखे निघाले: कागदाच्या डाव्या बाजूला सपाट आणि उंच पट्टीला येऊन खड्ड्यासारखे खाली. डॉक्टरांनी तो कागद समोर धरला, तर अण्णा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आमच्या खात्यातल्या सगळ्यांचा असाच असणार." यंत्र घेतलंय. पहिले दिवस ताटाचा आवाज सोसवायचा नाही, आता सरावलेत.

थोरल्या दिरांना मी सांगितलं की फोनवर नको, या. ते रविवारी आले. सरांनी सुचवलं तसं मी अण्णांना सरळ म्हटलं, "अण्णा, समजा हे शेजारचं घर आहे, तुमच्याकडं आलंय." अण्णा म्हणाले, "हे कुणाचं घर आहे मला माहीत आहे." म्हणजे तो उपाय तिथंच संपला. पण थोरले दीर लहानपणापासून कट्ट्यावरची भांडणं ऐकत मोठे झालेत. ते म्हणाले, "मग अण्णा, माझं म्हणणं काय आहे ते तुम्ही सांगा."

अण्णा म्हणाले, "तुला घर विकायचंय."

"नाही."

"तुला पैसे पाहिजेत."

"नाही."

अण्णांना येईना. मी कधी त्यांना असं अडलेलं बघितलं नव्हतं. मिस्टर मधे बोलायला लागले, तर अण्णांनी हातानं थांबवलं. मग दिरांकडं बघून म्हणाले, "पहिले चार माग घेतले तेव्हा तू पुण्याहून पैसे पाठवलेस. ते मी कुणाला कधी सांगितलं नाही." दीर काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. मिस्टरांना हे माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही समजत होतो की माग गिरणीच्या पैशातून आले.

सर, तुमचा बर्लिनचा अभ्यास मी पुन्हा पुन्हा वाचला आणि तो मला निम्माच पटला. तिशीतल्या अण्णांना खात्यातले लोक बोलवायचे हे खरं. पण तिशीतले अण्णा मुलासमोर दोनदा चुकीचं उत्तर देऊन पुन्हा बसून राहिले नसते. तेव्हा ते उठून गेले असते, सासूबाईंकडून असे किस्से मी ऐकलेत. आता बसले. हे वयानं आलं की सासूबाईंनी शिकवलेलं उशिरा लागू पडलं, की कानातल्या यंत्रानं, मला वेगवेगळं करून सांगता येणार नाही. पण त्या दिवशी जे मी बघितलं, ते पंचविशीच्या माणसात मी कधी बघितलेलं नाही. भैय्या चौकवाल्या दादांनी राग मानू नये.

कंबर तलाव काका, तुमची फरशांची गोष्ट मी मिस्टरांना वाचून दाखवली. त्यांनी अण्णांना सांगितलंय की रॅपिअर माग कुठले घ्यायचे ते बघायला तुम्हीच पुढं. आणि मी स्वतःपुरतं ठरवलंय की अण्णांचं काही चुकलं असं वाटलं तर रात्री जेवताना बोलायचं. एकदा बोललेही. त्यांनी ऐकून घेतलं.

आता वारसनोंदीचं. अण्णांना दोन बहिणी आहेत, एक अक्कलकोटला आणि एक बार्शीला. सिटी सर्व्हेवाल्या दादांनी लिहिलेलं हक्कसोडपत्र मिस्टरांनी आणि दिरांनी, दोघांनीही लगेच उचललं. आत्या काही मागणार नाहीत, सह्या करतील, साडी-चोळी करू, असं त्यांचं चाललंय. अण्णा म्हणाले, "बहिणींकडं सोडून द्या म्हणायला मी जाणार नाही. त्यांचा वाटा किती निघतो ते सांगायला जाणार." त्यावर घरात पुन्हा वातावरण तापलंय. मागांचं कर्ज लांबेल म्हणून मिस्टर नाराज, आणि दीर म्हणतात की अशानं घराचे तुकडे होतील. म्हणजे कालपर्यंत एकमेकांशी न बोलणारे दोघे भाऊ आता एका बाजूला आणि अण्णा एकटे दुसऱ्या बाजूला. मी अण्णांच्या बाजूनं आहे. पुढच्या रविवारी त्यांना घेऊन अक्कलकोटला मीच निघालेय.